दानीएल आणि प्रकटीकरण गटाने वाचायचंय: सुरुवात कुठून करावी, आकडे कसे घ्यावेत?

फोंडेकर

नमस्कार मंडळी,

पाऊस सरला की बायबलमधली दानीएल आणि प्रकटीकरण ही दोन पुस्तकं घ्यायची, असं फोंड्यातल्या आमच्या वाचनगटाने ठरवलं आहे. बारा-चौदा माणसं, आठवड्याला दीड तासाची एक बैठक, अशा दहा बैठका. गटात कॅथलिक आहेत, घाटावरून येऊन इथे स्थायिक झालेली प्रॉटेस्टंट कुटुंबं आहेत, ग्रंथवाचनाची आवड असलेले दोन-तीन हिंदू वाचकही आहेत. चर्चा मराठीत होते, पण काहींच्या हातात रोमी कोंकणी पवित्र पुस्तक असतं.

सगळ्यांना प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायापासून, म्हणजे श्वापद, त्याची खूण आणि ६६६ यांपासून सुरुवात हवी आहे. मोबाइलवर फिरणारे निरोप डोक्यात घट्ट बसलेत: आधार क्रमांक म्हणजेच ती खूण, दुकानातला क्यूआर कोड म्हणजेच ती खूण. एक जण म्हणतो सगळं अक्षरशः घ्या, दुसरा म्हणतो सगळं रूपकच. १२६०, १२९०, २३०० या दिवसांचा हिशेब कसा लावायचा, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. शिवाय मराठीत वाचताना कोणत्या शब्दांपाशी जपून राहावं?

प्रत्यक्ष कसं शिकवायचं आणि कुठे पाय घसरतो, ते जाणकारांनी सांगावं. देव बरें करूं.

---

मांडवीकाठ

फोंडेकरबाब, तेराव्या अध्यायापासून मुळीच सुरुवात करू नका. कारण त्या श्वापदातच लिहिलेलं आहे. प्रकटीकरण १३:२ मध्ये ते चित्त्यासारखं आहे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं. आता दानीएल ७ उघडा. तिथे समुद्रातून चार प्राणी वर येतात: सिंह, अस्वल, चित्ता, आणि दहा शिंगांचा एक भयंकर चौथा. चित्त्याला चार डोकी आहेत, बाकीच्या तिघांना एकेक, म्हणजे एकूण सात. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या श्वापदालाही डोकी सात आणि शिंगं दहा. दानीएलाने ओळीने पाहिलेली चार साम्राज्यं योहानाने एका देहात सांधली आहेत, आणि तीसुद्धा उलट्या क्रमाने. दानीएल ७ न वाचता प्रकटीकरण १३ वाचणाऱ्याला हे दिसणारच नाही. मग मोकळी राहिलेली जागा तो मोबाइलवरच्या निरोपाने भरतो. निरोप पसरतात ते याच रिकाम्या जागेमुळे.

पहिल्या बैठकीत काहीही समजावू नका. प्रकटीकरणाचे बावीसच्या बावीस अध्याय मोठ्याने वाचा. सलग वाचलं तर सव्वा ते दीड तास लागतो, म्हणजे तुमची बैठक बरोबर भरते. चार वाचक ठेवा, आवाज बदलला की कान जागे राहतात. ही माझी कल्पना नाही, पुस्तकाचीच सूचना आहे: १:३ मध्ये वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, ते पत्र असंच पोचलं. आणि ते पत्रच आहे, १:४ मध्ये चक्क पत्राचा मायना आहे. ज्यांना ते लिहिलं त्यांना काहीच उमगणार नव्हतं आणि दोन हजार वर्षांनी फक्त आपल्यालाच उमगणार होतं, असा अर्थ लावणाऱ्याने हा मायना आधी पाहावा.

दुसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने आखून घ्या. पहिल्यात प्रतिमा. दुसऱ्यात तिची जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातली, मूळ जागा. तिसऱ्यात पहिल्या ऐकणाऱ्यांना तिच्यातून काय कळलं असेल ते. चौथा रकाना, म्हणजे आज आपल्याला काय, तो सहाव्या बैठकीपर्यंत आखूच नका. तो आधी आखला की बाकीचे तीन रिकामे राहतात, हे ठरलेलं.

दुसरा रकाना भरायला ही सामग्री पुरेल: चार घोडे जखऱ्या १ आणि ६ मधले, टोळ योवेल १ आणि २ मधले, कर्णे आणि वाट्यांच्या पीडा निर्गम ७ ते १० मधल्या, गुंडाळी खाणं यहेज्केल २ आणि ३ मधलं, दोन जैतुनाची झाडं जखऱ्या ४ मधली, गोग-मागोग यहेज्केल ३८ आणि ३९ मधले, बाबेलचा विलाप यिर्मया ५१ आणि यहेज्केल २७ मधला. 'असे लिहिले आहे की' म्हणून योहान एकदाही थेट उतारा देत नाही, पण जुन्या कराराच्या आठवणी ओळीओळीत विणलेल्या आहेत. ज्ञानेश्वरी वाचताना गीता जवळ लागते, तसा इथे जुना करार जवळ लागतो.

'अक्षरशः की रूपक' या भांडणात पडण्याआधी पुस्तक स्वतः कुठे कुठे उलगडा करतं, ते गोळा करा. १:२० मध्ये तारे म्हणजे मंडळ्यांचे दूत, समया म्हणजे मंडळ्या. ५:८ मध्ये धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना. १२:९ मध्ये अजगर म्हणजे सैतान. १७:९ मध्ये सात डोकी म्हणजे सात डोंगर, आणि सात टेकड्यांचं शहर म्हटलं की त्या काळी कुणाच्याही मनात रोमच यायचं. १७:१५ मध्ये जलं म्हणजे लोकसमुदाय, १९:८ मध्ये तलम वस्त्र म्हणजे नीतिकृत्यं. या किल्ल्या हातात असल्या की पुस्तक चिन्हांतूनच बोलतं, हे कुणाला पटवावं लागत नाही. मात्र चिन्ह म्हणजे खोटं नव्हे. रोमची सत्ता खरी होती आणि सांडलेलं रक्तही खरं होतं.

अजून एक बारकावा. योहान 'ऐकतो' एक आणि वळून 'पाहतो' दुसरंच. ५:५ मध्ये यहूदाच्या सिंहाबद्दल ऐकतो, ५:६ मध्ये दिसतो वधलेला कोकरा. ७:४ मध्ये १,४४,००० हा आकडा ऐकतो, ७:९ मध्ये दिसतो कुणालाही मोजता न येणारा समुदाय. दोन्ही जागी पाहिलेलं हे ऐकलेल्याचा अर्थ सांगतं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकाचा कणा ५:५-६ मध्ये आहे. जिंकतो तो सिंह, पण जिंकण्याची रीत कोकऱ्याची. हे एकदा हाती लागलं की पुढचं रक्त, तलवारी, युद्धं वाचताना माणूस भरकटत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती क्रमाच्या बाबतीत. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, म्हणजे एकामागून एक घडणाऱ्या एकवीस घटना, असं समजून लोक तक्ते काढतात. मजकूर ते चालू देत नाही. ६:१४ मध्ये आकाश गुंडाळलं जातं, प्रत्येक डोंगर आणि बेट जागचं हलतं. तरी ८:१२ मध्ये तारे जागेवर आहेत, आणि १६:२० मध्ये बेटं पुन्हा पळतात. ८:७ मध्ये सगळं हिरवं गवत जळतं, आणि ९:४ मध्ये टोळांना हुकूम होतो की गवताला धक्का लावू नका. तेच दृश्य पुन्हा, जास्त जवळून आणि जास्त तीव्रतेने दाखवलंय. शिक्क्यांत चौथा हिस्सा, कर्ण्यांत तिसरा हिस्सा, वाट्यांत सगळंच. मधे मधे पालुपद येतं: ४:५ मध्ये विजा, आवाज, गर्जना, ८:५ मध्ये त्यात भूकंपाची भर, ११:१९ मध्ये गारांची, १६:१८ ते २१ मध्ये आजवर कधी झाला नाही असा भूकंप आणि जड गारा. भजनात एकच ध्रुवपद प्रत्येक फेरीला वरच्या पट्टीत जातं ना, तसं. हे चारही उतारे एका कागदावर एकाखाली एक लिहून भिंतीला लावा.

---

अंकमोजणी

आकड्यांचं मी सांगतो.

६६६ पासून. १३:१८ म्हणतं, ही माणसाची संख्या आहे, ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा. हिब्रू आणि ग्रीकमध्ये तेव्हा आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत होती. आपल्याकडे कटपयादी पद्धत ठाऊक असणाऱ्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की कटपयादीत अक्षरं स्थानानुसार अंक देतात, इथे सगळ्यांची सरळ बेरीज होते.

'नेरोन केसर' हिब्रू अक्षरांत लिहा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. फळ्यावर बेरीज करा, ६६६ येतात. आता लॅटिनप्रमाणे शेवटचा नून गाळून 'नेरो' लिहा, ५० कमी होऊन ६१६ उरतात. आणि काही जुन्या हस्तलिखितांत, त्यात पॅपिरस ११५ आहे, खरोखरच ६१६ आहे. दोन्ही पाठभेद एकाच नावाने सुटतात, म्हणून बहुतेक अभ्यासक नीरोकडे झुकतात.

पण शिकवताना दुसरी बाजूही सांगा, नाहीतर गटातला एखादा हुशार माणूस तुम्हाला अडवेल. 'केसर' या शब्दात सहसा योद हे अक्षरही लिहितात, त्याची किंमत १०, मग बेरीज ६७६ होते. योद नसलेलं लेखन यहूदियाच्या वाळवंटातल्या मुरब्बात इथे सापडलेल्या अरामी दस्तऐवजात मिळतं, म्हणून हिशेब टिकतो. दुसरं म्हणजे दुसऱ्या शतकात संत इरेनियसने ६१६ हा पाठ चुकीचा ठरवून ६६६ ला तीन ग्रीक शब्द सुचवले, त्यांत 'लातेइनोस' आहे: ३०, १, ३००, ५, १०, ५०, ७०, २००. तीही बेरीज ६६६ च. नीरोचं नाव मात्र त्याने घेतलेलं नाही. आणि त्याने स्वतःच बजावलंय की नाव ठामपणे सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

यावरून नियम असा निघतो: बेरीज जुळणं हा पुरावा नव्हे. भाषा बदलली, स्पेलिंग बदललं, पदवी जोडली किंवा काढली की जवळपास कुठलंही नाव ६६६ ला आणता येतं. पहिल्या शतकातल्या ऐकणाऱ्याला तो हिशेब करता आला असता का, एवढंच विचारा. आजच्या कुठल्याही पुढाऱ्याचं नाव तिथेच गळतं.

आधार आणि क्यूआरबद्दल गटाला एक काम द्या. तेराव्या अध्यायानंतरचे श्वापदाच्या खुणेचे उल्लेख शोधून शेजारचं क्रियापद लिहायला सांगा. १४:९, १४:११, १६:२, १९:२०, २०:४, पाचही ठिकाणी खुणेबरोबर श्वापदाला किंवा त्याच्या मूर्तीला नमन आहे. नमनाशिवाय खूण येत नाही. आणि लगेच पुढे १४:१ मध्ये दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या कपाळावरही नाव आहे, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं. ते नाव कुणी गोंदण किंवा चिप मानत नाही. एकाच चित्राच्या दोन बाजू वेगवेगळ्या मापाने मोजता येत नाहीत. मुळाशी यहेज्केल ९:४ आणि अनुवाद ६:८ आहेत: आपण कुणाचे, हे कपाळावर आणि हातावर, म्हणजे विचारात आणि कृतीत. तेव्हाचा प्रश्नही हवेतला नव्हता. सात मंडळ्यांपैकी एक जिथे होती त्या पर्गमात सम्राट ऑगस्टसचं देऊळ होतं, नाण्यांवर सम्राटांच्या देवत्वाच्या पदव्या होत्या, कारागिरांच्या संघांच्या जेवणावळी देवतांच्या नावाने होत. तिथे बसायचं नाही म्हटलं की धंदा बुडायचा.

१२६० दिवस, ४२ महिने, 'एक काळ, दोन काळ आणि अर्धा काळ' हे तीन वेगळे काळ नाहीत. ४२ गुणिले ३० म्हणजे १२६०, म्हणजेच साडेतीन वर्षं, म्हणजेच सातांचा निम्मा. मुळाशी दानीएल ७:२५ आहे. एलीयाच्या दुष्काळालाही लूक ४:२५ साडेतीनच वर्षं देतो. सेल्युकस घराण्यातल्या ग्रीक राजा अँटायोकस चौथ्याने यरुशलेमचं मंदिर इ.स.पू. १६७ मध्ये विटाळलं, ते १६४ मध्ये पुन्हा शुद्ध झालं, आणि मक्काबीच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणे मधे नेमकी तीन वर्षं गेली. म्हणजे साडेतीन हा पंचांगातून काढलेला आकडा नाही. 'छळाला मुदत आहे, ती अर्ध्यावर तुटेल' हे सांगणारा तो आकडा आहे. या संख्या एकमेकींत मिळवू नका, वजा करू नका.

नव्या यरुशलेमेचं मापही गटासमोर काढून पाहा. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२,००० स्टेडिया. एक स्टेडियम सुमारे १८५ मीटरचं धरलं तर एक बाजू सुमारे २,२०० किलोमीटर. पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंतचा अख्खा गोवा वीसेक वेळा एकापुढे एक मांडावा, तेवढी, आणि उंचीही तितकीच. तट मात्र १४४ हातांचा, सुमारे ६५ मीटर. नकाशा म्हणून हे जमत नाही. पण १ राजे ६:२० वाचा: मंदिरातलं परमपवित्र स्थान वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, म्हणजे घनच. योहान सांगतोय की आता अख्खं नगरच परमपवित्र स्थान झालंय, म्हणून २१:२२ मध्ये तिथे वेगळं मंदिर नाही. माप अक्षरशः घेणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं.

---

फोंडेकर

फारच उपयोगी. दोघांचंही देव बरें करूं. गटातले एक काका दानीएल ९ मधले सत्तर सप्तक आणि ८:१४ मधले २३०० यांचा सविस्तर हिशेब घेऊन येणार आहेत. वयाने, अभ्यासाने मोठे आहेत, त्यांचा मान राखून चर्चा करायची आहे. त्याची तयारी कशी करू?

---

पहाटतारा

त्या काकांना बोलू द्या, आणि त्यांचा हिशेब फळ्यावर पूर्ण मांडू द्या. माझा स्वतःचा कल, या ग्रंथांतलं बरंच काही अजून व्हायचं आहे, असं मानणाऱ्यांकडे आहे. म्हणून वरच्या दोघांशी माझं पूर्ण जमत नाही. पहिल्या वाचकाला काय कळलं, हे विचारणं योग्यच. पण अर्थ तिथेच संपतो असं धरलं तर प्रकटीकरण १९ ते २२ चं काय करणार? मेलेले उठले नाहीत, अश्रू पुसले गेले नाहीत.

आता हिशेब. सत्तर सप्तक म्हणजे सत्तर गुणिले सात, ४९० वर्षं, आणि ९:२५ ते २७ मध्ये त्यांचे भाग ७, ६२ आणि १. म्हणजे अभिषिक्तापर्यंत ६९ सप्तक, ४८३ वर्षं. खरा वाद यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा कोणती, म्हणजे कुठून मोजायचं, याचा आहे. एज्रा ७ मधली आज्ञा इ.स.पू. ४५७ ची धरली तर ४८३ वजा ४५७ बरोबर २६, पण इ.स. शून्य असं वर्ष नसल्याने एक वाढवायचा, इ.स. २७. नहेम्या २ ची आज्ञा इ.स.पू. ४४४ ची धरून ३६० दिवसांचं वर्ष घेतलं तर ४८३ गुणिले ३६०, म्हणजे १,७३,८८० दिवस, म्हणजे साधारण ४७६ सौर वर्षं, आणि आपण इ.स. ३३ ला पोचतो. काकांना दोनच गोष्टी विनयाने विचारा: आरंभ कोणता धरला आणि का, आणि वर्ष ३६० चं की ३६५ चं. ही दोन्ही उत्तरं शेवट पाहून निवडली असतील तर ते हिशेबालाही कळतं.

दुसरा पक्षही मांडा. बरेच अभ्यासक हा उतारा अँटायोकसच्या छळाकडे नेतात: छाटला गेलेला अभिषिक्त म्हणजे इ.स.पू. १७१ च्या सुमारास मारला गेलेला महायाजक ओनियास, आणि सप्तकाच्या मध्यावर १६७ मध्ये यज्ञ बंद. शेवटचं सप्तक छान बसतं. पण यरुशलेम पडलं इ.स.पू. ५८७ मध्ये, तिथून ४९० मोजले की ९७ येतात, १६४ नाही. म्हणजे त्यांनाही ४९० हा ढोबळ, प्रतीकात्मक आकडा मानावा लागतो. हिशेब कुणाचाच पूर्ण सरळ बसत नाही, हे गटाला दिसलं की आवाज आपोआप खाली येतात.

२३०० चं उदाहरण तर शिकवायलाच हवं. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजून अमेरिकेतल्या विल्यम मिलरने १८४३-४४ हा काळ काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. तो दिवस आला आणि गेला. बेरीज बिनचूक होती: २३०० वजा ४५७, अधिक १, बरोबर १८४४. चूक होती ती बेरजेच्या आधी. ८:१४ मध्ये मूळ शब्द 'संध्याकाळ-सकाळ' असा आहे. सकाळ-संध्याकाळच्या यज्ञांची ती मोजणी असेल तर दिवस ११५० च होतात. शिवाय ८:२०-२१ मध्ये मेंढा म्हणजे मेदय व पारस, बोकड म्हणजे ग्रीस, असं दूत नाव घेऊन सांगतो. ते सोडून उडी थेट एकोणिसाव्या शतकात.

दानीएल केव्हा लिहिलं, हा वादही येईल. परंपरा सहाव्या शतकाकडे, बरेच समीक्षक इ.स.पू. १६७ ते १६४ कडे, कारण अकराव्या अध्यायात टॉलेमी आणि सेल्युकस घराण्यांचा तपशील अतिशय बारीक आहे. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्ती धर्माच्या टीकाकाराने हाच मुद्दा काढला होता आणि संत जेरोमने त्याला उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजू दहा मिनिटांत सांगा आणि पुढे चला. एक संध्याकाळ त्यात घालवली तर दानीएलचे प्राणी बाजूलाच राहतात.

चार प्रवाहांची नावं मात्र सगळ्यांना ठाऊक असू द्या: बहुतेक सारं पहिल्या शतकात घडून गेलं मानणारे, चर्चच्या सगळ्या इतिहासावर ते पसरवणारे, बहुतांश पुढे घडेल म्हणणारे, आणि प्रत्येक काळात तेच रूप दिसतं मानणारे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रवाहाची सविस्तर मांडणी सोळाव्या-सतराव्या शतकांत स्पॅनिश येशूसंघीयांनी केली, अल्काझारने पहिल्याची, रिबेराने तिसऱ्याची. भविष्यवादी अर्थ प्रॉटेस्टंट आणि दुसरा कॅथलिक, अशी सरळ वाटणी कुणी सांगितली तर ती मान्य करू नका.

---

राशोलवाट

मराठी शब्दांबद्दल लिहितो, कारण घोटाळे तिथेही होतात.

मराठी शास्त्रातला 'संदेष्टा' हा शब्द फार चांगला आहे. त्यात संदेश आहे, ज्योतिष नाही. 'भविष्यवाणी' म्हटलं की आपल्या कानाला कुंडली, ग्रह, तारीख ऐकू येते. बैठकीत 'संदेश' हाच शब्द धरून ठेवा. 'प्रकटीकरण' म्हणजे झाकण काढणं, ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच. 'प्रलय' आणि 'युगांत' हे शब्द मात्र टाळा. त्यांच्याबरोबर चार युगांचं चक्र येतं: कलियुग संपलं की पुन्हा कृतयुग. प्रकटीकरणात काळाला एकच दिशा आहे आणि २१:१ नंतर पुन्हा आरंभ नाही. तुमच्या हिंदू वाचकांशी हा फरक उघडपणे बोला, त्यांना तो चटकन कळतो. परके वाटणारे शब्द वापरलेच पाहिजेत असंही नाही. १६१६ साली राशोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर थॉमस स्टीफन्सनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हाच शब्द घेतला आणि भोवतालच्या ओव्यांनी त्याला नवा अर्थ दिला. शब्द घेतला की त्याची मर्यादाही तिथेच सांगायची, ही रीत तिथून शिकावी.

एक शोधाशोध तुम्ही आधीच केलेली बरी: 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात एकदाही नाही. तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे. ढगांत उचलून घेतलं जाणं १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ मध्ये आहे. हर्मगिदोन एकदाच, १६:१६ मध्ये. निरनिराळ्या पुस्तकांतल्या या गोष्टी एका माळेत ओवल्या की जी कथा तयार होते, ती कुठल्याही एका पुस्तकात नाही.

मिश्र गटात पहिल्याच दिवशी होणारा गोंधळ: दानीएल कॅथलिक आवृत्तीत १४ अध्यायांचं, प्रॉटेस्टंट आवृत्तीत १२ चं. तिसऱ्या अध्यायात भट्टीतल्या प्रार्थनेची भर असल्याने प्रॉटेस्टंट ३:२४ म्हणजे बऱ्याच कॅथलिक आवृत्त्यांत ३:९१. चौथ्याच्या आरंभीही तीन ओव्यांइतका फरक पडतो, ५:३१ चं ६:१ होतं. वचनाचा आकडा सांगण्याआधी वचनाचे पहिले चार शब्द वाचा, म्हणजे कुणी पानं चाळत बसणार नाही.

कॅथलिक मंडळींना चर्चची भूमिका ठाऊक हवी. साहित्यप्रकार ओळखूनच अर्थ लावावा, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई वेर्बुम' या दस्तऐवजाच्या बाराव्या परिच्छेदात आहे. इतिहासाच्या आतच ख्रिस्ताचं दृश्य राज्य येईल, या कल्पनेला धर्मशिक्षण ग्रंथाचा ६७६ वा परिच्छेद स्पष्ट नकार देतो. विसाव्या अध्यायातली हजार वर्षं संत ऑगस्टीनपासून चर्चचा चालू काळ म्हणून वाचली जातात. प्रॉटेस्टंट मंडळींत इथे मतं वेगळी आहेत आणि ती असू द्यावीत.

आणि सगळ्यांनी रोज पाहिलेलं उदाहरण: सायबिणीच्या, म्हणजे मरियेच्या, कितीतरी मूर्तींत पायाखाली चंद्रकोर असते आणि मस्तकाभोवती बारा तारे. ते प्रकटीकरण १२:१ आहे, आणि १५ ऑगस्टच्या मिसेला हाच उतारा वाचतात. बाराव्या अध्यायाला मूर्तीचं चित्र मधे ठेवा. ती स्त्री इस्राएल, मरिया, की चर्च? उत्पत्ती ३७:९ मधल्या योसेफाच्या स्वप्नात सूर्य, चंद्र आणि अकरा तारे आहेत, म्हणून इस्राएल. पाचव्या ओळीत ती मसीहाला जन्म देते, म्हणून मरिया. सतराव्या ओळीत तिची बाकीची संतती येशूची साक्ष देणारी आहे, म्हणून चर्च. एक प्रतिमा तीन अर्थ एकाच वेळी पेलते, हे गटाला सर्वांत सहज इथेच दिसेल.

---

मांडवीकाठ

पहाटताराबाबांचा मुद्दा मान्य आहे. शेवटचे चार अध्याय पहिल्या शतकात मावत नाहीत, मी ते तसे बसवतही नाही.

दहा बैठकांची वाटणी मी अशी करेन. पहिली, पूर्ण वाचन. दुसरी आणि तिसरी दानीएलची: २ ते ७ अरामीत आहेत आणि जोड्यांनी रचलेले आहेत, २ ला ७, ३ ला ६, ४ ला ५. या जोड्याच समोरासमोर वाचा, सरळ क्रम सोडा. चौथी दानीएल ८ ते १२, काकांचा हिशेब त्या दिवशी, चाळीस मिनिटं. पाचवी सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रं, प्रकटीकरण २ आणि ३. लावदिकीयाच्या पत्रात तिथल्या मंडळीला 'कोमट' म्हटलंय, त्याचं पाण्याशी नातं इथे सांगा: जवळच्या हेरापलीत औषधी गरम झरे, कलस्सैला थंड पाणी, आणि लावदिकीयाला नळातून येणारं पाणी ना गरम ना थंड. म्हणजे गरम चांगलं आणि थंड वाईट असं नव्हे, दोन्ही कामाचे. कोमट कुणाच्याच कामाचं नाही. प्रवचनांत हे हमखास उलटं सांगितलं जातं.

सहावी ४ आणि ५, फक्त दोन अध्याय, घाई नको. सातवी शिक्के, कर्णे, वाट्या एकत्र, भिंतीवरच्या त्या कागदासह. काळ्या घोड्यापाशी थोडं थांबा. ६:६ मध्ये एका दिनाराला एक माप गहू. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, माप म्हणजे एका माणसाचं दिवसाचं धान्य, सुमारे एक लिटर. म्हणजे दिवसभर राबून एकाचंच पोट भरतं, घरच्यांसाठी जव. आणि तेल-द्राक्षारसाला धक्का नाही. भात एका पावसात जातं, पण माड उभाच राहतो, तसं हे. गरिबाचं ताट रिकामं झालं तरी बागाईतदाराचं पीक शाबूत, अशा महागाईचं ते अगदी ओळखीचं चित्र आहे.

आठवी १२ ते १४. तेरावा इथे येईल, तेव्हा सगळ्यांच्या वहीत दानीएल ७ तयार असेल. नववी १७ आणि १८. बाबेलच्या व्यापाऱ्यांची यादी १८:१२-१३ मध्ये आहे, २८ जिन्नस. गटातल्या एकाने वाचावी, दुसऱ्याने बोटांवर मोजावी: सोनं, रुपं, मोती, रेशीम, हस्तिदंत, मधे दालचिनी, पुढे पीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ, आणि अगदी शेवटी माणसांचे देह आणि जीव. गुलाम सर्वांत तळाशी, गुरा-घोड्यांच्याही खाली. अठ्ठाविसावा जिन्नस वाचून झाला की दोन मिनिटं कुणी बोलू नये.

दहावीला २१ आणि २२, शेजारी उत्पत्ती २ आणि ३ उघडं ठेवून: नदी, जीवनाचं झाड, आणि ३:१७ मधला शाप २२:३ मध्ये कसा उठतो ते. चौथा रकाना सहाव्या बैठकीनंतर आखाल, तो त्या दिवशी सगळ्यांनी मोठ्याने वाचून दाखवावा.